हेडला मशीन, टेलला सारजाबाई

माणूस गॅरंटी कार्डाशिवाय जन्माला येतो, ही निसर्गाच्या हातून घडलेली गंभीर प्रशासकीय चूक आहे. वॉशिंग मशीनच्या बाबतीत अशी चूक होत नाही. तिच्यासोबत कार्ड येतं, कार्डावर शिक्का असतो, आणि आतल्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की क्षाराच्या पाण्याने बिघाड झाल्यास कंपनी जबाबदार नाही. शिरूर कासारात हे बारीक अक्षर चष्मा पुसून वाचणारा एकच माणूस होता, बिभीषणराव.

बिभीषणराव माजलगावच्या कालव्यावर निरीक्षक होते. हेडच्या शेतकऱ्याला किती पाणी सोडायचं आणि टेलच्या शेतकऱ्याला किती आश्वासन, हे ठरवण्यात त्यांची हयात गेली. (हेड म्हणजे कालव्याचं तोंड, टेल म्हणजे शेपूट. तोंडाकडून पाणी निघतं आणि शेपटाकडे पाणी निघाल्याची बातमी पोचते.) निवृत्त होऊन ते गावी परतले, तेव्हा कालवा मागे राहिला, पण निरीक्षण सोबत आलं.

शिरूरच्या बोअरच्या पाण्याला शाळेच्या पुस्तकात दुष्फेन म्हणतात आणि शिरूरमध्ये पाणीच म्हणतात, कारण दुसरं नसतं. त्यात साबण फेसाळत नाही आणि डाळ शिजायला तयार होत नाही. बिभीषणरावांचा गीझर या पाण्याने पहिल्याच दिवाळीत गेला. मेकॅनिकने उघडून दाखवला, तर आतली कॉइल प्लास्टर घातलेल्या पायासारखी निघाली. त्या धक्क्याने बिभीषणराव आठवडाभर बोलले नाहीत. (बायकोच्या, म्हणजे सारजाबाईंच्या, हे लक्षात आलं नाही. एरवीही फारसा फरक नसे.)

म्हणून मुलाने, नवनाथने, ‘आईला आराम’ म्हणून पुण्याहून वॉशिंग मशीन पाठवली, तेव्हा बिभीषणरावांनी आधीच सावध होऊन घरगुती पाणीवाटप धोरण जाहीर केलं. जारवाला अजिनाथ उन्हाळ्यात घरटी रोज एकच जार देई. या फिल्टरच्या पाण्यावर पहिला हक्क मशीनचा. त्यानंतर कूलर, मग वाफेची इस्त्री, मग देव (पितळी मूर्तींवर पांढरे डाग पडतात), मग सरकारी नोकरीतले पाहुणे. स्वतः बिभीषणराव कुठल्याच क्रमांकावर नव्हते. अधिकारी म्हणून पाण्याची चव तपासणं हे त्यांचं कर्तव्य होतं आणि ते कर्तव्य ते तांब्याने बजावत. टेलला सारजाबाई होत्या. त्यांना बोअर होतं.

एका जारात मशीन भरत नसल्याने आठवडाभर साठा करून शनिवारी धुणं लावलं जाई. मशीनवर ताण येऊ नये म्हणून तिच्यात फक्त बिभीषणरावांचा पांढरा सदरा आणि मशीनचं स्वतःचं कव्हर टाकत. बाकीचे कपडे सारजाबाई बोअरच्या पाण्यात दगडावर धूत. जार उचलून मशीनमध्ये ओतण्याचं कामही त्यांच्याचकडे होतं, कारण त्यांना वीज लागत नसे. धोरणाला शंभर टक्के यश आलं. मशीनच्या ड्रमवर क्षाराचा एक ठिपका नव्हता. दगडसुद्धा शाबूत होता.

दर रविवारी नवनाथचा फोन येई. “आण्णा, मशीन कशी हाय?”

“टकाटक,” बिभीषणराव सांगत, आणि पितापुत्रांचं मन भरून येई.

चैत्रात सारजाबाईंची कंबर दुखायला लागली, ती इतकी की त्या दगडापाशीच बसकण मारू लागल्या. बीडच्या डॉक्टरने मुतखडा काढला, म्हणजे फोटोत. तो म्हणाला, “पाणी फार कमी पिता, मावशी.” हे खरं होतं. बोअरचं पाणी एवढं मचूळ की त्या घोटावर भागवत. नवनाथला फोनवर कळवलं. “गोळ्या येळेवर घ्या म्हनावं,” तो म्हणाला, आणि मग मशीनची चौकशी केली.

“आवो, डाक्टर म्हनलेत लई पानी प्या. जारातलं एक पेलाभर द्या की,” सारजाबाई म्हणाल्या.

बिभीषणराव गंभीर झाले. “पान्याचं आवर्तन चालू हाय, सारजे. मधीच कालव्याचं दार उचललं की हेडचा मानूस बोंब मारतो.”

“मानूस कुठला? मशीन हाय ती.”

“तिला कार्ड हाय.”

“आन मला?”

बिभीषणरावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. शोधली असती तर लग्नाची पत्रिका निघाली असती, पण तिच्यावर देखभाल-दुरुस्तीचं कलम नव्हतं.

“बरं, मशीन बंद पडली तर काय करता?” सारजाबाईंनी विचारलं.

“कव्हर घालतो, पानी राखून ठिवतो, मेकॅनिक बोलावतो. नियमच हाय तसा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आला नाही. बिभीषणराव पाहायला गेले, तर मशीन उघडी होती आणि तिच्या शेजारी स्टुलावर, तिचंच फुलाफुलांचं कव्हर डोक्यावरून पांघरून, काहीतरी बसलं होतं. त्यांनी हाक मारली. उत्तर नाही. दुपारपर्यंत चूल पेटली नाही, धुणं पडून राहिलं, साठवलेलं पाणी ओतायलाही कोणी नव्हतं.

बिभीषणरावांनी रीतसर पाहणी केली. वस्तू कव्हरखाली होती. वस्तू बंद होती. वस्तूवाचून घर अडलं होतं. धोरणात पळवाट उरली नाही. त्यांनी मुकाट्याने जार वाकडा केला आणि पेला पुढे धरला. कव्हरखालून एक हात आला, पेला आत गेला, रिकामा होऊन बाहेर आला, आणि पुन्हा पुढे झाला.

रविवारी फोन आला. “आण्णा, मशीन कशी हाय?”

समोर कव्हर घातलेली वस्तू होती, आणि बिभीषणराव खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. “बंद पडलीया, बाबा.”

“काय सांगता! आलोच मी!”

आईच्या मुतखड्याला सुट्टी न मिळालेला नवनाथ रात्रीच्या गाडीत बसला आणि सकाळी बीडहून मेकॅनिक घेऊनच दारात उतरला. मेकॅनिकने कव्हर उचललं. खाली त्याची नसली तरी कुणाची तरी आई होती.

त्याने चांगल्या कारागिरासारखी चौकशी केली. “किती वर्सं चालली?”

“नवनाथच्या आधीपास्नं,” बिभीषणराव म्हणाले. “कवाच तक्रार न्हाई.”

“आन सर्व्हिसिंग?”

बिभीषणराव चष्मा पुसू लागले. कूलर तेवढा चालू होता.

आता सारजाबाई हेडला आहेत. कव्हर खुंटीवर असतं, तहान लागली की त्या डोक्यावर घेतात. आळीतल्या बायकांनीही शिलाईवालीकडे कव्हरं टाकली आहेत, असं ऐकतो.

वाचकहो, बिभीषणरावांना हसून तुमचा घसा कोरडा पडला असेल. पाणी मागायला आत हाक मारणारच आहात, तर ती पाणी घेऊन आल्यावर तेवढं विचारा, तिने स्वतः शेवटचं कधी प्यायलं.