मैत्रीचा पुरावा, दोन प्रतींत

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, निवृत्तीनंतर पाच महिन्यांनी, मी एकट्याने परदेशी जाऊन दोन जुन्या मित्रांना भेटण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय हैदराबादेत, हिमायतनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळच्या दुसऱ्या चहाच्या वेळी झाला आणि पत्नी अनुराधा हिने तो तात्काळ मंजूर केला. ती स्वतः येणार नव्हती. "तुमचे मित्र, तुम्हीच जा," ती म्हणाली. "त्या खोलीच्या गोष्टी मी बत्तीस वर्षं तुमच्या तोंडून ऐकतेय. तिघांच्या तोंडून ऐकायची ताकद नाही माझ्यात."

ती खोली नारायणगुड्याची. कॉलेजात असताना हिम्मतराव, विक्रम आणि मी तिथे चार वर्षं राहिलो. एक स्टोव्ह, दोन गाद्या, तीन माणसं. पुढे ते दोघे परदेशी गेले, एकाच देशात पण वेगवेगळ्या शहरांत. त्या देशाचं नाव घेत नाही, कारण माझा दुसरा अर्ज सध्या त्यांच्याकडे पडून आहे. मी इथेच राहिलो आणि गेली तीस वर्षं लग्नाच्या पंगतीपासून बँकेच्या रांगेपर्यंत भेटेल त्याला सांगत आलो, की मैत्री असावी तर आमच्यासारखी. हैदराबादच्या आमच्या मराठी मंडळात या विषयावर माझं तोवर दोनदा व्याख्यानही झालं होतं.

नामपल्लीला मोईनभाई व्हिसाचे फॉर्म भरून देतात. त्यांना मराठी समजतं आणि माझं हिंदी सोसत नाही, म्हणून मी मराठीत बोलतो आणि ते दखनीत. मी सगळी माहिती घरूनच सुवाच्य अक्षरात लिहून नेली होती. 'प्रवासाचा उद्देश' या रकान्यात लिहिलं होतं : 'जिवलग मित्रांना भेटणे.' ते वाचून मोईनभाईंनी चष्मा काढला.

"ये कायकू लिखे साब? टूरिस्ट लिखते तो आठ दिन में हो जाता."

"मी पुतळे बघायला चाललो नाही, मोईनभाई. माणसं बघायला चाललोय."

"पुतलों का प्रूफ नहीं मांगते साब. दोस्तों का मांगते."

मी बाणेदारपणे म्हटलं, मागू देत. मग त्यांनी यादी दिली. यजमानाचं निमंत्रणपत्र, मैत्री केव्हा व कोणत्या कारणाने झाली याचं निवेदन, आणि मैत्री चालू स्थितीत असल्याचा पुरावा, म्हणजे गेल्या पाच वर्षांतले एकत्र फोटो व फोनवरचे संवाद. सर्व दोन प्रतींत.

एकत्र फोटो एकच निघाला. त्यात तिघांनाही मिशा नुकत्याच फुटत होत्या. पण संवाद रग्गड होते, त्याबद्दल मी निर्धास्त होतो. मुलगी तन्वी माझा फोन घेऊन छापायला बसली.

"बाबा, ह्यात सगळी फ्लॉवर्सच आहेत."

"आणखी खाली जा."

"खालीपण फ्लॉवर्स. अकरा वर्षं फक्त फ्लॉवर्स आणि थम्स-अप. कन्व्हर्सेशन कुठेय?"

नव्हतंच. मी रोज सकाळी सहाला दोघांना एक फूल आणि सुप्रभात पाठवत होतो, तिकडून अंगठा येत होता. वाढदिवसाला केक जायचा, जोडलेले हात यायचे. एवढ्या भांडवलावर मी दोन व्याख्यानं दिली होती. मोईनभाईंनी तो गठ्ठा चाळला आणि विचारलं, "साब, ये दोस्ती है कि फूलाँ की दुकान?"

विक्रमचं प्रकरण त्याहून अवघड निघालं. निमंत्रणपत्रासाठी फोन लावला, तर पलीकडे साहेबी इंग्रजी बोलणारा भलताच माणूस. बेकरीवाला. चार वर्षांपासून तो नंबर त्याच्याकडे होता. माझी फुलं म्हणजे कुठल्याशा धर्मादाय संस्थेची सेवा असावी असं समजून त्याने एक दिवस न चुकवता अंगठा दिला होता. कृपया बंद करू नका म्हणाला, आणि पत्र हवं असेल तर मीच देतो म्हणाला. कागदोपत्री पाहता तुमचा सगळ्यात पक्का दोस्त हाच, असं मोईनभाईंचं मत पडलं. मी अपमान गिळला आणि हिम्मतरावला विचारलं. त्यालाही विक्रमचा पत्ता नव्हता. नंबर बदलला असेल, माणूस कुठे जाणार, असं म्हणून मी अर्जात विक्रमचा जुनाच पत्ता ठोकून दिला.

पुढचा उपाय मोईनभाईंनी सांगितला. तीन महिने दर रविवारी संध्याकाळी सहाला हिम्मतरावला फोन करायचा आणि प्रत्येक फोनची नोंद फाइलला लावायची. अनधिकृत बांधकाम नियमित करून घेतात, त्यातलाच हा प्रकार.

पहिल्या रविवारी मी म्हणालो, "काय म्हणतोस?" तो म्हणाला, "ठीक. तू?" मी म्हणालो, "ठीक." इथे विषय संपले. म्हणून पुढच्या वेळी तन्वीने प्रश्न लिहून दिले. इंग्रजी अक्षरांत, कारण तिला मराठी तशीच लिहिता येते. तिसऱ्या रविवारी मी कागदावर बोट ठेवून वाचलं, "वहिनी काय म्हणतात?"

पलीकडे त्याने टीव्ही बंद केला.

"अपर्णा गेली ना रे," हिम्मतराव म्हणाला. "दोन वर्षं होतील."

मला गेल्या मे महिन्यातलं माझं कार्ड आठवलं. लग्नाच्या वाढदिवसाचं. दोन हंस, आणि खाली 'जोडा अमर राहो'. त्यावर त्याने हात जोडले होते.

"अरे, मला सांगितलं का नाहीस?"

"कुठे सांगणार? तू फूल पाठवायचास. फुलाखाली काय लिहू?"

मला रडू आलं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. कागद चुरगळून टाकला, आणि त्या दिवशी आम्ही सव्वा तास बोललो. ती कशी गेली, तो एकटा जेवायला कसा बसतो, सगळं. दुसऱ्या दिवशी मोईनभाईंना सांगितलं, तर त्यांचेही डोळे भरून आले. मग ते म्हणाले, "स्क्रीनशॉट लिए ना साब? सव्वा घंटा. बहुत वजनदार प्रूफ है."

त्यानंतर हिम्मतराव रविवारची वाट बघायला लागला. मागची खोली रिकामी केलीय म्हणाला, कुठून तरी छोटा स्टोव्हही आणलाय म्हणाला. विक्रमला शोधून काढू, तिघं बसू, पिठलं करू. "तू ये फक्त."

तीन महिने भरल्यावर अर्ज गेला आणि त्यानंतर सातव्या आठवड्यात व्हिसा नाकारल्याचं पत्र आलं. कारणं दोन होती. एक, उपलब्ध नोंदी पाहता सदर मैत्री अर्जाच्या तीन महिने आधी अचानक सुरू झाल्याचं दिसतं. दोन, अर्जदाराने जिवलग मित्र म्हणून दाखवलेले श्री. विक्रम हे चार वर्षांपूर्वीच हा देश कायमचा सोडून गेले असून त्यांचा कळवलेला पत्ता अंबरपेठ, हैदराबाद असा आहे. सबब, अर्जदार मित्रांना भेटण्यासाठी सात हजार किलोमीटर प्रवास करील, यावर आमचा विश्वास बसत नाही.

अनुराधाने पत्र वाचलं, कपाटातून मराठी मंडळाची सभासद-यादी काढली आणि पान उघडून माझ्यासमोर धरलं. विक्रम, अंबरपेठ, फोन नंबरसकट. चार वर्षं वर्गणी भरत होता. त्या यादीची मुद्रितं मीच तपासली होती. 'वीक्रम' असं छापलेलं, त्याची वेलांटी मी स्वतः ऱ्हस्व केली होती.

हिम्मतरावला सांगितलं, तेव्हा तो खोकला येईपर्यंत हसला. "मग आता विमान कशाला? रिक्षात बस, त्याच्याकडे जा आणि तिथून मला फोन लाव. तिघं एकत्र दिसू दे रे एकदा. बाकी काही नको मला."

अंबरपेठ माझ्या घरापासून तीन किलोमीटर आहे. पहिल्या रविवारी मंडळात माझं तिसरं व्याख्यान होतं. दुसऱ्या रविवारी वाहतूक तुंबली होती, असं ऐकलं. तिसऱ्या रविवारी वाटलं, न कळवता जाणं बरं नाही. चौथ्या रविवारी कळवायला फोन हातात घेतला आणि सुचेना, की चार वर्षांचं काय सांगायचं.

"अंबरपेठ को व्हिसा नहीं लगता साब," मोईनभाई म्हणाले.

"तेच तर! ना फॉर्म, ना तारीख, ना मुदत. माणूस निघणार कसा?"

त्यांनी मान हलवली आणि माझा दुसरा अर्ज भरला. यात मी पर्यटक आहे. घड्याळाचा एक मनोरा, दोन पुतळे आणि एक कारंजं पाहण्याची मला फार वर्षांची ओढ आहे, असं त्यात नमूद केलंय. याला पुरावा मागितलेला नाही.

शेवटी पाचव्या सोमवारी, सुरुवात म्हणून, मी विक्रमला नव्या नंबरवर एक फूल पाठवलं. दोन मिनिटांत अंगठा आला. संबंध पूर्ववत झाले.

आता हिम्मतरावच दर रविवारी सहाला फोन करून विचारायचा, "गेलास?" मी म्हणायचो, "येत्या रविवारी नक्की." गेल्या रविवारी सहाला मी फोन जवळ घेऊन बसलो, पण वाजला नाही. सहा वीसला त्याचा निरोप आला. दवाचे थेंब असलेला गुलाब, बाकी काही नाही. फुलाखाली काय लिहिणार? अंगठा दिला.

वाचताना तुम्हालाही तुमच्याच गावातलं, तीन किलोमीटरवरचं कोणी आठवलं असेल. उठू नका, चपला शोधू नका. या पानाचा फोटो काढून त्याला पाठवा. अंगठा येईल. तो जपून ठेवा, पुढेमागे पुरावा म्हणून लागतो.