मुंग्यांनी धरलेला ब्रेक

सुनेने ‘हात लावू नका’ म्हटलं नसतं, तर मी त्या सायकलला हात लावला नसता.

सून नर्स आहे. रात्रपाळी करून आली, स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या बोळात नेहमीच्या जागी सायकल टेकवली आणि म्हणाली, “बाबा, मागचा ब्रेक अडकतोय. दाबला की लिव्हर परतच येत नाही. उद्या पहाटेची ड्यूटी आहे, सगळा उतार आहे. झोपून उठले की दुकानात नेते. तुम्ही हात लावू नका.”

एवढं बोलून झोपायला गेली.

मी जन्मभर शिवणयंत्रं दुरुस्त केली. शाळा चौथीत सोडली, पण कुठल्या यंत्रापुढे मान खाली घातली नाही. आणि मला माझ्याच बोळात बंदी?

हिने खोकल्याचं औषध चमच्यात ओतून दिलं. मी ते रोजच्यासारखं खिडकीशी उभं राहून घेतलं. (तिथे उजेड चांगला असतो.) रिकामा चमचा परत केला आणि पान्ह्यांची पेटी उचलली.

“कुठे निघालात?”

“बोळात.”

“अहो, हात लावू नका म्हणालीय ती.”

“हात कोण लावतंय? पान्हा लावतोय.”

आधी दिसल्या मुंग्या. भिंतीवरून रांगेने उतरून हँडलवर चढत होत्या आणि लिव्हरच्या बुडाशी त्यांची ही गर्दी! मी विचारात पडलो. शिवणयंत्राला मुंग्या लागलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. यंत्राच्या तेलाला त्या तोंड लावत नाहीत. म्हणजे या ब्रेकचं तेल गोड असणार. (नव्या वस्तू. कशात काय घालतील, नेम नाही.)

दुसरं नवल, या ब्रेकला तारच नव्हती. नुसती बारीक काळी नळी. ओढणारं काही नाही, तर खालचे पॅड हलतात कसे? असा प्रश्न डोक्यात शिरला की मला अन्न गोड लागत नाही. मी मागचं चाक काढून बाजूला ठेवलं आणि लिव्हर दाबला. दोन्ही पॅड एकमेकांकडे सरकले, दात नसलेलं तोंड मिटावं तसे. फार बरं वाटलं. लिव्हर बोटाने ओढून परत आणला, पुन्हा दाबला. आणखी जवळ आले. आणखी एकदा दाबला. (खात्री करायला.) तोंड मिटलं.

ते मिटलं ते मिटलंच. चाक बसवायला गेलो, तर चाकाची चकती आत शिरायला जागा नाही.

मी सरळ विचार केला. तेलाने मिटलंय, तर थोडं तेल सोडलं की उघडेल. लिव्हरच्या डोक्यावरचा बारीक स्क्रू काढला. तेल आलं. लालभडक. थांबेना, म्हणून भोकावर अंगठा दाबून धरला. दुसऱ्या हाताला लागलेलं जिभेवर टेकवून पाहिलं. गोड नव्हतं. मग मुंग्या कशाला आल्या होत्या?

अंगठा काढता येईना. हिला हाक मारून दुकानात फोन लावायला सांगितला. तिने तो माझ्या कानाशी धरला.

“स्क्रू उघडलात?” दुकानदार ओरडला. “आजोबा, हवा शिरली आत! आता ती काढायला ब्लीड करावं लागणार!”

घरात नर्स असल्यामुळे हिला नेमका तो एक शब्द कळतो. तिने माझ्या मनगटावरून ओघळणारं लाल तेल पाहिलं, फोन माझ्या खिशात कोंबला आणि आत पळाली. “अगं ऊठ! ह्यांचा अंगठा गेला!”

सून केस न बांधताच धावत आली. मी तोंड उघडायच्या आत तिने हात ओढून डोक्यावर धरला आणि पट्टी आवळायला लागली.

“अगं, रक्त नाही ते. ब्रेकचं तेल आहे.”

तिचे हात थांबले. तिने सायकलकडे पाहिलं. मग चाकाकडे. मग माझ्याकडे.

“हात लावू नका म्हटलं होतं ना?”

“अंगठा लावला.”

ती हसली नाही. पहाटेची ड्यूटी तिच्या डोळ्यांपुढे असावी. तिने माझ्या खिशातला फोन काढला. दुकानदार अजून बोलतच होता. आज त्याच्याकडे सायकल ठेवायलाही जागा नव्हती, पण तेल देतो म्हणाला. घरात सिरिंज असेल तर घरीच होईल म्हणे.

“सिरिंज ना? आहे,” सून म्हणाली.

तेल आणून ती कामाला बसली. घसा तपासताना जीभ दाबायची ती लाकडी पट्टी तिने दोन पॅडच्या मधे घातली. “हं, आ करा,” ब्रेकला म्हणाली. त्याने केला! मग सिरिंजने खालून तेल ढकललं, आणि वर लिव्हरच्या तोंडाशी एकेक बुडबुडा येऊन फुटायला लागला. मी नाक टेकेपर्यंत वाकलो. नळीत ओढणारं काही नसतं, तेलच ढकलतं!

“मला एकदा ढकलू दे.”

“बाबा.”

“बरं.”

चाक बसलं. तिने लिव्हर दाबला. ब्रेक कच्चकन लागला, पण लिव्हर परत आला नाही. मूळ दुखणं जिथल्या तिथे.

सुनेने लिव्हरच्या बुडाशी नख घातलं. तपकिरी, चिकट काहीतरी निघालं. तिने वास घेतला. मुंग्यांच्या रांगेवरून तिची नजर वर भिंतीवर गेली, तिथून खिडकीच्या चौकटीवर. चौकटीपासून हँडलपर्यंत एक तपकिरी ओघळ आला होता.

मला नेमका तेव्हाच खोकला आला.

“बाबा, औषध कुठे घेता तुम्ही?”

“इथेच, खिडकीशी,” ही वर खिडकीतून कौतुकाने म्हणाली. “एक दिवस चुकवत नाहीत!”

कोमट पाण्याचं फडकं दोनदा फिरवलं आणि लिव्हर टणकन परत आला. पहाटे सून उतार उतरून वेळेवर ड्यूटीला गेली.

आता औषध तीच देते. नव्या सिरिंजने, खिडकीकडे पाठ करून बसवून. पहिल्या दिवशी मी म्हटलं, “आण इकडे, माझं मी घेतो.”

“आ करा,” ती म्हणाली, “आणि हात लावू नका.”

या वेळी लावला नाही.