किटलीचे गुण आणि कुणाचे तरी दोष

सकाळपासून परीक्षकाची किटली एकशे सत्तावीस वेळा पडली होती, आणि अजून तिसरी फळीसुद्धा ओलांडली नव्हती.

मिक्सर, पंखे, इस्त्र्या वापरून बघायच्या आणि साप्ताहिकात त्यांचं परीक्षण लिहायचं, हा त्याचा धंदा. पाच गुण, पाच दोष, खाली निकाल. बारा वर्षं साचा बदलला नव्हता. या खेपेला मात्र संपादकांनी त्याच्या गळ्यात व्हिडिओ गेम मारला होता. "पूर्ण खेळा, मगच लिहा. आज पाचपर्यंत मजकूर हवा. वाचक जांभया देतायत हो. हाही लेख तसलाच निघाला, तर सदर बंद."

खेळ मोठा लाघवी होता. गोल पोटाची एक किटली आपलं हरवलेलं झाकण शोधत फळीवरून फळीवर उड्या मारते. उडी मारताना वाफेचा फुगा सोडते आणि पडली की लाजून लाल होते. तिच्यावर रागवायचीही सोय नव्हती.

काही दिवसांसाठी लेकीकडे आलेल्या सासूबाई मागे विणत बसल्या होत्या. कचेरीत चाळीस वर्षं टायपिस्ट होत्या त्या.

"जावईबापू, फळी संपल्यावर उडी मारताय तुम्ही."

"आई, कॅमेरा मागे राहतो. पुढचं दिसतच नाही."

"किटलीला दिसतंय की. आणा इकडे."

त्यांनी कंट्रोलर घेतला आणि त्यांची बोटं अशी काही चालली की परीक्षक बघतच राहिला. तासाभरात किटली सतराव्या फळीवर पोचली. मध्ये एकदा हट्टाने त्याने कंट्रोलर मागून घेतला, किटलीबरोबर स्वतःही खुर्चीतून उडाला आणि अंगठा टेबलावर आपटून घेतला. सुजला बिचारा. शेवटी साडेचारला सासूबाईंनीच झाकण मिळवून दिलं, तेवढ्यात संपादकांचा फोन आला.

"संपवला का गेम?"

"संपवला ना! आत्ताच जिंकलो." सासूबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

आता लिहायचं कसं? अंगठा तर टम्म फुगलेला. "तुम्ही सांगा, मी टाइप करते," सासूबाई म्हणाल्या. परीक्षक येरझाऱ्या घालत सांगू लागला. गुण: चित्रं देखणी, संगीत मधुर, उडी हलकी, विनोद निर्मळ, किटली गोजिरी. दोष: कॅमेरा रेंगाळतो, एकदा पडलं की पहिल्यापासून सुरुवात, शेवट फारच सोपा... पाचला दोन मिनिटं असताना मजकूर न वाचताच रवाना झाला.

अंक आला त्या सकाळी बायको हातात तो घेऊन इतकी हसत होती की तिला धड वाचताही येईना. परीक्षकाने अंक ओढून घेतला. गुण जसेच्या तसे होते. त्याखाली छापलं होतं:

"दोष: एक, खेळणारा फळी संपल्यावर उडी मारतो. दोन, किटलीबरोबर स्वतःही उडतो. तीन, पडला की कॅमेऱ्याला नावं ठेवतो. चार, ऐनवेळी डोळे मिटतो. पाच, दुसऱ्याने जिंकून दिलं तरी 'मी जिंकलो' म्हणतो."

"आई! अहो, हे मी सांगितलं होतं का?"

"नाही," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "चाळीस वर्षं साहेब चुकीचं सांगायचे आणि मी बरोबर टाइप करायचे. हाताची सवय हो. त्या गरीब किटलीत दोष होता कुठे?"

परीक्षकाने कपाळावर हात मारला. बारा वर्षांचं सदर गेलं! तेवढ्यात फोन वाजलाच.

"साहेब, माफ करा, एक चूक..."

"चूक कसली? सकाळपासून वाचकांचे फोन थांबत नाहीत! बारा वर्षांत पहिल्यांदा तुमचा लेख मी शेवटपर्यंत वाचला. सदर चालू राहणार. पुढच्या आठवड्यात इस्त्री घ्या. दोष मात्र असेच हवेत हं, तुमचे."

परीक्षकाला इतका आनंद झाला की त्याने सुजलेल्या अंगठ्यासकट टाळी वाजवली आणि कळवळत खाली बसला. "सदर वाचलं! पुढच्या आठवड्यात इस्त्री!"

बायकोने खुर्ची ओढली आणि बाह्या सरसावल्या.

"इस्त्री ना? आई, तू टाइप करायला बस. मी सांगते. पण पाचात कसं बसवायचं गं?"