उजवा हात खिशात

मजीदचाचांच्या समोर कुठलीही नवी वस्तू आली, की आधी त्यांचा उजवा हात खिशात जातो. मग डाव्या हातानं ते ती चालवून पाहतात. नाही जमलं तर निकाल तिथंच. "एका हातानं चालत नाही. वापस ने."

बोरी अरबला त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे आणि शेजारी माझं झेरॉक्सचं. रिकाम्या वेळात चाचा काहीबाही शोधून काढतात. कांदा न निसटणारी विळी, ओला कपडा पिळायचा खटका. मग त्याचं मापांसकट चित्र दुकानाच्या पत्र्याच्या दारावर रंगवतात. लोक येतात, मोबाईलवर फोटो काढतात आणि पसार होतात. माझ्या झेरॉक्सला त्याचा काडीचा उपयोग नाही.

"चाचा, निदान चहापुरतं तरी घेत जा."

"कायले? काही सुधारलं तर दाखवाले आणजो, एवढंच सांगतो मी त्यायले."

कुणी आणत नसे. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा असा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

दाराच्या मधोमध एका पोळपाटाचं चित्र होतं. त्याला एका टोकाकडून लाटणं जोडलेलं, म्हणजे एका हातानं लाटता येई. पण पोळी फिरवायला हात सोडला, की लाटणं पोळीवरच बसे. हे काही चाचांना सुटत नव्हतं. नांगराचा फाळ जोडायला आलेल्यालासुद्धा ते आधी दुकानातल्या त्या पोळपाटापुढं बसवत. एक जण म्हणाला, "अल्लानं दोन हात देल्ले ना, चाचा." त्याचा फाळ आठवडाभर कोपऱ्यात पडून राहिला.

मागच्या महिन्यात केळापूरहून एक बाई आली. तिनं पिशवीतून तेच पोळपाट काढलं, फक्त लाटण्याखाली स्प्रिंग होती. हात सोडला की लाटणं आपोआप वर.

"दारावरचा फोटो पाहून केलं," ती म्हणाली. "स्प्रिंग जुन्या सायकलची हाये."

चाचांनी घरातून कणीक मागवली. उजवा हात खिशात घातला. लाटली, फिरवली, पुन्हा लाटली. मग बाईला चहा पाजून एसटीपर्यंत सोडून आले.

"जमलं की, चाचा," मी म्हणालो.

"जमलं. तुह्या चाचीनं पाहाले पाह्यजे होतं. लकव्यानं हात गेला तवापासून एकच म्हणे, एकडाव माह्या हातची रोटी खाऊ दे मले."

चाची जाऊन वर्ष उलटलं होतं. तिचा हात गेल्याचं मला ठाऊक होतं, हे मागणं ठाऊक नव्हतं.

चाचांनी ब्रश घेतला आणि दारावरच्या लाटण्याखाली स्प्रिंग काढू लागले. डाव्या हातानं काढत होते, म्हणून जरा वाकडी आली. उजवा अजून खिशातच होता.