फिशटँकचा दिवा आणि त्याचे सुटे भाग

आई परीक्षेत पास झाली.

हे वाक्य नजरचुकीने आधी आलं आहे. निकाल शेवटी लावायचा असतो. त्याआधी प्रक्रिया असते. तरी वाचकांनी वरील वाक्य वाचलेलंच नाही असं गृहीत धरून पुढे चालावं. आईने अजून परीक्षा दिलेली नाही. ती ओट्यापाशी उभी आहे, एका हातात कायद्याचं पुस्तक आहे, दुसऱ्यात उलथनं आहे, आणि बैठकीच्या खोलीतून आम्ही सगळे "चहाचं काय झालं?" असं विचारतो आहोत.

आईच्या पदवीचा एकच पेपर अडकला होता. एकदा काकांच्या दाढेमुळे राहिला, एकदा बाबांच्या बढतीच्या जेवणामुळे. नियमाप्रमाणे ही शेवटची संधी होती. त्याच सुमारास बाबांनी फिशटँक आणला.

टँक सोफ्याएवढा होता, म्हणून सोफा गॅलरीत गेला. आत दगड, झाडं आणि एकच भलामोठा मासा. त्याचा खालचा ओठ बाबांच्या ऑफिसातल्या साहेबांसारखा पुढे आलेला असल्यामुळे त्याचं नाव 'साहेब' पडलं. स्वभावही तोच निघाला: आत आहेत, पण भेटत नाहीत. दिवसभर दगडामागे. बाबांचे सहकारी खास मासा बघायला आले, टँककडे तोंड करून बराच वेळ बसले, आणि जाताना एक जण म्हणाला, "पाणी छान आहे."

बाबांच्या ते जिव्हारी लागलं.

"मासा बाहेर येत नाही म्हणजे उजेड चुकला," दुकानदार म्हणाला. "दिवा कुणासाठी हवाय? माशासाठी, झाडांसाठी की बघणाऱ्यांसाठी?"

बाबा परवाना कार्यालयात आहेत. उभ्या नोकरीत त्यांनी एकही निर्णय घेतलेला नाही, आणि म्हणूनच त्यांचा एकही निर्णय चुकलेला नाही. एका दिव्यात तीन खाती गुंतलेली आहेत हे ऐकून त्यांचा चेहरा खुलला. संध्याकाळी 'प्रकाश निवड समिती' स्थापन झाली. बाबा अध्यक्ष, काका सदस्य, कारण ते घरातच असतात, मी सचिव, कारण पेन माझ्याकडे होतं. आईला घेतलं नाही. तिला वेळ नाही, असं समितीने तिला न विचारता, पण एकमताने, ठरवलं.

पहिला दिवा झाडांच्या सोयीचा, पांढराशुभ्र. झाडं खूश झाली. शेवाळ त्याहून खूश झालं. आठवड्याभरात टँक पालकाच्या सूपासारखा दिसू लागला आणि साहेब आता दगडामागे आहेत की पुढे, हेही सांगता येईना.

दुसरा दिवा काकांनी सुचवला: निळा, रिमोटवाला. शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या, त्या उजेडात आरामखुर्चीवर डोळे मिटून पडलेल्या काकांकडे बघून दारातच थबकल्या आणि बाबांना हळूच म्हणाल्या, "कधी गेले?"

निळा दिवा मागे घेण्यात आला.

तिसरा दुकानदाराने स्वतः आणून बसवला. त्यात सूर्योदय, सूर्यास्त, ढग आणि विजांचा लखलखाट अशी सोय होती. फक्त तो लावला की फ्यूज उडायचा.

"भार कुठेतरी कमी करा," दुकानदार म्हणाला.

समितीने घरातल्या सगळ्या दिव्यांचा आढावा घेऊन स्वयंपाकघरातली ट्यूब अनावश्यक ठरवली.

"आणि मी वाचू कुठे?" आईने अंधारातून विचारलं.

"चाचणीचा काळ आहे, वहिनी," काका म्हणाले. "थोडी कळ काढा."

आईने कळ काढली नाही; टेबललँप काढला. जुना, पिवळ्या बल्बचा, मान मोडलेला. कुकर लावून तो घेऊन ती बाहेर आली. तेव्हा टँकमध्ये सूर्यास्त होऊन काळोख पडलेला होता. तिने टँकशेजारच्या प्लगमध्ये लँप खोचला, स्टूल ओढलं, पुस्तक उघडलं. एक पान उलटलं.

साहेब दगडामागून बाहेर आले. संथपणे काचेपाशी येऊन आईच्या खांद्याजवळ थांबले. बाबा सवयीने खुर्चीतून अर्धवट उठले.

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

"हलू नकोस!" बाबा कुजबुजले.

"अहो, कुकर..."

"कुकर हा बघेल."

"मी?" काका म्हणाले.

"ठराव झालाय."

समितीने शास्त्रशुद्ध चाचण्या घेतल्या. नुसता लँप ठेवला. साहेब आले नाहीत. नुसती आई ठेवली, आले नाहीत. लँपखाली आईला विणकामाचं मासिक दिलं; आले नाहीत. लँपखाली काकांना कायद्याचं पुस्तक देऊन बसवलं. साहेबांनी शेपटी फिरवली आणि काका झोपले. शेवटी आई, लँप आणि कायद्याचं पुस्तक एकत्र लावलं, पान उलटलं, की साहेब हजर.

निष्कर्ष स्पष्ट होता. दिव्याचे भाग तीन: लँप, पुस्तक, आई. नियमावली भिंतीवर लागली. दिवा चालू असताना उठवू नये. दिव्याला हाक मारू नये. दिव्याला भाजी निवडायला देऊ नये. चहा, जेवण दिव्याला जागेवर पोचवावं.

मी सचिव म्हणून समोरच बसायचो. आई पान उलटताना बोट ओलं करायची. जिभेवर नव्हे, टँकमध्ये. आणि त्या बोटाला माशांच्या खाद्याचा एक दाणा चिकटलेला असायचा. सचिवाने हे कामकाजात नोंदवलं नाही, कारण तिने सचिवाकडे पाहिलं होतं.

सहकारी पुन्हा आले. साहेब काचेला नाक लावून उभे होते. सगळे थक्क झाले.

"वा! वहिनी, आता एक फक्कड चहा..."

"श्श!" बाबा म्हणाले. "तो दिवा आहे. चहा मी करतो."

बाबा स्वयंपाकघरात गेले. काळोखात बराच वेळ डबे वाजले. "चहा पावडर कुठेय?"

"दुसऱ्या फळीवर, डावीकडे," दिवा मान वर न करता म्हणाला.

"आवाजाचीही सोय आहे," काकांनी पाहुण्यांना अभिमानाने सांगितलं.

असा तो दिवा परीक्षेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत अखंड चालला. बायको, आई, वहिनी या पदांवर असताना जी शांतता तिला कधी मंजूर झाली नव्हती, ती फिशटँकची फिटिंग झाल्याबरोबर हातोहात मिळाली. पुढे काय झालं ते वाचकांना माहीत नाही, म्हणून सांगतो: आई पास झाली.

आता ती रोज सकाळी एका वकिलांच्या ऑफिसात जाते. लँपही घेऊन गेली. साहेब दगडामागे आहेत. बाबांनी समितीची तातडीची बैठक घेऊन एक अर्ज केला. आईने पर्स खांद्याला लावता लावता तो वाचला. "मुद्दा कच्चा आहे. फेटाळतील," ती म्हणाली, एक वेलांटी सुधारली आणि गेली. अर्ज असा:

"माननीय परीक्षा नियंत्रक यांस. आमच्या फिशटँकच्या दिव्याचा मुख्य भाग आपण उत्तीर्ण घोषित केल्यामुळे तो घराबाहेर जाऊ लागला असून, घरातील प्रकाशव्यवस्था कोलमडली आहे. तरी सदर उमेदवारास मत्स्यहितार्थ अनुत्तीर्ण करून फेरपरीक्षेस बसण्याची सक्ती करावी. हे नियमात बसत नसल्यास प्रस्तुत अर्ज वाचकांकडे वर्ग करावा. ज्या वाचकांच्या घरी असाच भाग आत्ता या क्षणी ओट्यापाशी उभा आहे, त्यांनी तो चालू स्थितीत, पुस्तकासह, आमच्याकडे पाठवावा. पाठवणे शक्य नसल्यास निदान एकदा बसवून पाहावा. बदली भाग येईपर्यंत चहा ज्याचा त्याने करून घ्यावा, ही नम्र विनंती."