खानझोडे साहेबांचं चार वाजताचं ऊन

खानझोडे साहेब कुणाच्याही घरी गेले की लगेच बसत नसत. दारातच एक डोळा मिटून उभे राहत, टेबलावरच्या स्टीलच्या पेल्यावर बोट रोखत, मग पेल्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून खिडकीकडे बोट नेत. ते खिडकीबाहेर पोचलं की ओरडत, "मिळाला!" नवख्या यजमानाला वाटे, घरात उंदीर निघाला.

मिळालेला असे तो प्रकाशाचा किरण.

"शाळेत शिकवतात, किरण दिव्यातून निघून डोळ्यात येतो," ते मला सांगत. "येतो ना! पण दिव्यातून निघालेल्यांपैकी आपल्याकडे येतात किती? बाकीचे फालतू भटकून राहिले. म्हणून उलटं चालायचं, बोरकरभाऊ. डोळ्यापासून." हे त्यांचं पालुपद. माझी स्कूटर बंद पडली तरी ते हेच म्हणत, आणि स्कूटर तशीच उभी राही.

भोपाळच्या आमच्या कारखान्यात ते ड्रॉइंग ऑफिसात होते, आणि टाऊनशिपमध्ये आमच्या दोघांच्या क्वार्टरांची एक भिंत सामाईक होती. ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा आम्ही सगळे त्यावर पत्ते खेळायला शिकलो. यांनी त्यावर एक पेला काढला. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यासाठी डोळ्यापासून एक किरण सोडायचा, तो कशाला धडकतो, तिथून कुठे उसळतो, हे सगळं मोजायचं. पुढे घरीच मशीन घेतलं. एक चित्र पुरं व्हायला आठवडा लागे. तेवढे दिवस शालिनीवहिनींना मिक्सर लावायची बंदी, कारण फ्यूज उडे. त्या बिचाऱ्या पाट्यावर चटणी वाटत.

किरण नेमका कशाला धडकतो, हे शोधण्यातच खरा वेळ जातो. त्यावर एक युक्ती असते. खोलीतल्या वस्तू डब्यांत घातल्यात असं समजायचं, ते डबे आणखी मोठ्या डब्यात. मोठ्या डब्याला किरण लागलाच नाही, तर आतलं काही तपासायचंच नाही. साहेबांनी ही युक्ती वहिनींच्या मसाल्यांना लावली. जिरं डबीत, डबी डब्यात, डबा पत्र्याच्या पेटीत.

"अहो, तुमचं जिरं मिळेपर्यंत फोडणी जळाली!" भिंतीपलीकडून आवाज येई.

"पण शालू, लवंगेचा डबा उघडावा लागला का?"

ते रिटायर झाले, भोपाळातच मिसरोदला फ्लॅटमध्ये गेले आणि वर्षभरात वहिनी गेल्या. आमच्या शेजारच्या क्वार्टरला कुलूप लागलं, ते कुणी उघडलंच नाही. माझी नोकरी अजून बाकी होती. त्या बाजूने आवाज येईनासा झाला, हे मला फार जड गेलं.

मग एका रविवारी साहेब मेजरिंग टेप घेऊन दारात हजर! या वेळी पेल्याकडे पाहिलंही नाही.

"तुमचं स्वयंपाकघर मोजू द्या. एकाच टाईपची क्वार्टरं, तुमचं तेच आमचं. शालू चार वाजता पाटावर बसून भाजी चिरायची. तिथून तिला काय दिसायचं, ते मला एकदा पाहायचं आहे."

किरण डब्याला लागतो की नाही, एवढंच तपासायला वेगळा भाग असलेलं, कॉम्प्युटरमध्ये बसवायचं कार्ड आता बाजारात आलं होतं. ते घ्यायला मी त्यांच्याबरोबर एम. पी. नगरला गेलो.

दुकानदाराने विचारलं, "अंकल, गेम खेलोगे?"

"नहीं बेटा, रसोई बनाऊँगा."

दुकानदार माझ्याकडे पाहू लागला. मी छताकडे पाहिलं.

महिन्याभराने फोन आला. कार्डच खराब निघालं म्हणे. चित्रात सगळं जागच्या जागी, पण चार वाजता स्वयंपाकघरात काळोख! दुकानदाराशी दोनदा भांडण झालं होतं. मी जाऊन पाहिलं आणि मला हसू आवरेना.

"साहेब, आपली क्वार्टरं जुळी, पण आरशातल्यासारखी उलटी. तुमची खिडकी पश्चिमेला, तर आमची पूर्वेला. तुम्ही आमचं स्वयंपाकघर काढलंत! आमच्याकडे ऊन सकाळी येतं."

जन्मभर नकाशे काढलेला माणूस कपाळाला हात लावून बसला. मग ते झपाट्याने कामाला लागले. मी चहा करून आणेपर्यंत सगळं घर डावं-उजवं उलटून झालं होतं. चार वाजताचं ऊन खिडकीतून आत आलं, पेल्यावर पडलं, पेल्यावरून भिंतीवर गेलं. त्यांच्या स्वयंपाकघराची तीच हिरवी भिंत. मला वहिनींच्या चटणीचा वास आल्यासारखं झालं.

साहेबांनी चित्रातला डोळा खाली आणला, पाटावर बसलेल्या माणसाच्या उंचीवर. स्वयंपाकघराचं दार दिसलं, दारातून बाहेरची खोली, आणि खोलीत मशीनसमोरची त्यांची खुर्ची. खुर्चीची पाठ. सगळं ऊन त्या पाठीवर पडलं होतं.

साहेबांनी पडद्यावरच्या त्या पाठीवर बोट ठेवलं.

"रोज चार वाजता तिला हेच दिसायचं," ते म्हणाले. "मी उलटा चाललो, बोरकरभाऊ, पण माझ्याच डोळ्यापासून."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, माउस हातात घेतला आणि चित्रातली ती खुर्ची स्वयंपाकघराकडे वळवायला घेतली. पूर्वी आठवडा लागला असता. खुर्ची लगेच वळली.