मामांचं लॅमिनेशन

"ताई, प्लास्टिकवर सरकारी शिक्का बसत न्हाय," व्हिसाचा एजंट म्हनला. काखेत दोन वर्साची परी, हातात लग्नाचं सर्टिफिकेट, चकचकीत, लॅमिनेशन मारल्यालं. परीचा जन्मदाखला बी तसाच. नवं दाखलं काढायला पंधरा दिवस, आनि अर्जाला उरल्यालं दोन!

ही करामत मामांची. मामा म्हंजे माझं सासरं. साखर कारखान्याच्या हापिसात तीस वर्सं कागद सांबाळलं, रिटायर झाल्यावर मशीनच घरी आनली. रेशनकार्ड, लाइटबिल, लग्नपत्रिका, समदं प्लास्टिकात. एकदा भाजीची यादी बी घातली. मी म्हनलं, "मामा, उद्या भेंडी नको असली तर?"

"कागद हाय तवर मानूस हाय, पोरी."

त्येंचा ल्योक, माझा नवरा, स्पेनमदी. खोलीत बसून लॅपटॉपवर दुसऱ्याच देशातल्या कंपनीचं काम करतोय. असल्या लोकास्नी तिथं ऱ्हायला येगळा व्हिसा मिळतोय म्हनं. त्यो वाढवायची येळ आली की मामा फोनवर वरडत्यात, "आरं, झेरॉक्स काढून ठेव!" जेवलास का, ते न्हाय.

औंदा व्हिसा वाढवताना आमा दोगींची नावं जोडून तिकडं ऱ्हायला जायाचं हुतं. हुकलं तर परत कवा, कोन सांगनार? परी फोनलाच पप्पा म्हनती. चार्जिंगला लावला की म्हनती, "पप्पा झोपला."

घरी आल्या आल्या माझा आवाज चढला. "मामा, काय केलं हे?"

"परवासात भिजत्यात की कागद. चुकलं, पोरी."

म्हातारं मानूस, चुकलं आसंल, म्हनून मी सोडून दिलं. एखादी जुनी नक्कल घावती का बघाय त्येंची ट्रंक उघडली. वरच एजंटानं दिल्याली कागदांची यादी. त्यात लाल अक्षरात, 'दाखल्यांना लॅमिनेशन करू नये.' फुडं मामांची पेनानं बरोबरची खूण. वाचल्याची. आनि त्या यादीला बी लॅमिनेशन!

वाचून केलं. जलमभर लोकांचं कागद जपलं, आनि माझा संसार प्लास्टिकात कोंडला.

यादी उचलली, तर खाली परीच्या रेघोट्या. पेन्सिलीच्या, खडूच्या. एकेक कागद प्लास्टिकात, कोपऱ्यात तारीख घातल्याली.

तेवढ्यात फोन वाजला. नवरा. "दिलं का कागद? काय? लॅमिनेशन? बाबांनी चुकून केलं का मुद्दाम?"

दारात मामा हुबं, परीला कडंवर घिऊन. कवा गॅसला हात न लावल्यालं मानूस हळूच म्हनतंय, "च्या ठेवू का, पोरी?"

नवरा तिकडनं, "आगं बोल की! चुकून का मुद्दाम?"

तुमी काय सांगितलं आसतं?